तांब्या आणि पूर्णकाळ

फुकट शिकवणाऱ्या माणसाकडे आमच्या घरात चोराकडे पाहावे तसे पाहत. त्यातून शिकवणारा ख्रिस्ती, आणि विषय ग्रीक! मी एम. ए.ला संस्कृत घेतले होते. भाषांची तुलना करायची तर ग्रीक हवेच होते. कसबा पेठेत एक निवृत्त मास्तर राहत. पाद्री होणाऱ्यांना त्यांनी जन्मभर ग्रीक शिकवले होते. फी विचारली तर म्हणाले, "रविवारी सकाळी वेळेवर येत जा, तेवढी पुरे."

माझे वडील वेदपाठशाळेत शिकवत. ते म्हणाले, "यात काहीतरी काळंबेरं आहे. जा, पण तिथलं पाणी पिऊ नकोस." आणि फिरकीचा तांब्या भरून हातात दिला. शनिवार पेठेतून कसब्यात जायला दहा मिनिटे लागत, तरी मी तांब्या घेऊन निघालो. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही, कारण संशय माझाही तोच होता.

मास्तर दर रविवारी माझ्यासमोर फुलपात्र भरून ठेवत. मी त्याला हात न लावता तांब्यातले पाणी पीत असे. बायबलातले वाक्य कधी येते याची मी वाट पाहत असे, पण मास्तर दार, बैल, जहाज असलीच उदाहरणे देत. घरी हे सांगितले तर वडील म्हणाले, "तीच तर हुशारी!" शिवाय धडा संपला की मास्तर एका काळ्या वहीत काहीतरी लिहीत. मासा गळाला कितपत लागला, हेच कोणाला तरी कळवत असणार, अशी माझी खात्री होती.

मग पूर्णकाळ आला. रूप पाहून मी खूश झालो. धातूचे पहिले अक्षर दुप्पट, अगदी संस्कृतातल्या परोक्ष भूतकाळासारखे! तो आपण स्वतः न पाहिलेल्या गोष्टींसाठी वापरतो. मी धडाधड भाषांतर केले: दार उघडले म्हणे, बैल मेला म्हणे.

"अहो, दाराशीच बसलायत तुम्ही. म्हणे कशाला?" मास्तर म्हणाले. "ग्रीक माणूस हा काळ वापरतो तेव्हा गोष्ट घडून गेलेली असते, पण तिने जे करून ठेवलं ते अजून समोर असतं. दार उघडलेलं आहे, म्हणून आत्ता वारा येतोय."

मला पटले नाही. तीन रविवार मी "म्हणे" लावतच राहिलो. न पाहिलेल्या गोष्टींवर माझा फार विश्वास होता.

चौथ्या रविवारी मास्तर औषध घ्यायला आत गेले आणि मी ती वही उघडली. माझ्या चुका तारीखवार लिहिलेल्या होत्या. शेवटच्या पानावर पूर्णकाळाची उदाहरणे होती. पहिलेच खोडलेले: "तो पाणी प्यायला आहे, आता तहान नाही." शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, "समजायला सर्वांत सोपे. पण याला देऊ नये. अवघडेल." त्याखाली दाराचे उदाहरण.

माझे कान तापले. तेव्हाच फुलपात्र उचलायला हवे होते. पण आता प्यायलो तर वही वाचल्याचे कळेल, असे मनात आले आणि मी वही होती तशी मिटून ठेवली. या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी तांब्या मुद्दाम घरीच ठेवला. मास्तरांनी माझे रिकामे हात पाहिले.

"तांब्या विसरलात वाटतं. थांबा, समोरच्या देवळातल्या पुजाऱ्यांकडून पाणी आणतो. त्यांचं चालेल ना तुम्हाला?"

गुडघ्यावर हात टेकून ते उठलेसुद्धा. एका पायात वहाण चढवली होती. मला रडू आले.

"सर, इथलंच द्या," मी म्हणालो.

फुलपात्र नेहमीसारखे भरलेलेच होते. तरी त्यांनी ते आत नेऊन पुन्हा घासले आणि ताजे पाणी आणले. मी एका दमात प्यायलो. मग त्यांनी वही ओढून बराच वेळ काहीतरी लिहिले. मी डोकावलो नाही.

घरी वडिलांनी विचारले, "तांब्या तर इथेच आहे. मग पाणी?"

"मास्तरांकडचं प्यायलो."

संध्याकाळी पाने मांडली तेव्हा माझे फुलपात्र पंगतीत नव्हते. ते एकटेच खिडकीत ठेवलेले होते. वडील असेपर्यंत ते तिथेच राहिले, आणि मी त्यातूनच पाणी प्यायलो.