मागचा कागद

हर्सूलच्या दवाखान्यात गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला गेले, तेव्हा एक बाई माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, खुलताबादकडची, मेंढरं राखणारी. सारखं पदराचं टोक बोटाला गुंडाळायची.

आम्हा दोघींना एकदमच आत बोलावलं. दोघींच्याही रिपोर्टात किरकोळ दोष होता. "घाबरू नका, वर्षानं परत तपासू," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी उठले. ती हलली नाही. पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेला जुना रिपोर्ट काढून तिनं टेबलावर ठेवला.

"मॅडम, नुसता आजचा कागद वाचू नका, मागचा बी वाचा. तवा लई खराब निघालं व्हतं. इलाज केलता."

मॅडमनी तो दोनदा वाचला. "मावशी, मग वर्षभर थांबायचं नाही. आजच दुर्बिणीतून बघू."

तासाभरानं ती बाहेर आली, तेव्हा मी अजून बाहेरच्या बाकावरच होते. आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला होता.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटती की. पण दडवून काय व्हतंय?"

पाच वर्षांपूर्वी माझ्याही तपासणीत खराबच निघालं होतं, आणि या खेपेपर्यंत मी पुन्हा दवाखान्याकडं फिरकले नव्हते. तेवढं सांगायला मी परत आत गेले.