तिसरी कॉइल

बाळंतपणाला आलेल्या लेकीचे दिवस भरलेले आणि गाडी आचके देत होती. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून मी ठिणगी पाडणाऱ्या एकेका इग्निशन कॉइलची वायर काढून पाहू लागलो. पहिली काढली, इंजिन जास्तच थरथरलं. म्हणजे ती कॉइल चांगली. दुसरीचंही तसंच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही. तीच गेलेली.

घरातलं एकेक माणूस असं काढून पाहिलं तर? माझी पाळी येताच तो विचार तिथेच सोडला.

"झालं का संशोधन?" बायको दारातून म्हणाली. "कळा सुरू झाल्यात तिला."

इंजिन बंद केलं आणि आधीच आणून ठेवलेली नवी कॉइल बसवली. बोल्ट दोनदा हातातून निसटला. किल्ली फिरवली, इंजिन एका लयीत चालू लागलं.

लेकीला मागच्या सीटवर टेकवत बायको म्हणाली, "बसा आता. तुमच्यावाचून अडलंय."