न नांगरलेला तुकडा

माझा दादा आणि वहिनी दोघंही मातीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. दादा लोखंडी नळी जमिनीत ठोकून मातीचे नमुने काढायचा आणि वहिनी त्यातली केसासारखी मुळं चिमट्याने वेचायची. लग्नही तिथेच जुळलं. मी म्हणायचे, "तुमच्या डोक्यातही मातीच भरलीय." त्यावर वहिनी हसायची. "भरलीय, पण कसदार आहे हो, वन्सं."

घरामागे त्यांनी जमिनीचा एक उजाड तुकडा घेतला होता. नांगरून नांगरून त्याच्यात काही दम उरला नव्हता. त्यात दोघांनी गवत पेरलं आणि नंतर कधी कुदळ म्हणून लावली नाही. कपडे वाळत घालायला तिथे दोन खांब रोवा, एवढंच मी म्हटलं, तर दादाने माझ्याशी अबोला धरला. गवत हवेतला कार्बन ओढतं, मुळांवाटे मातीत साठवतं; माती उकरली नाही तर तो तिथेच राहतो, उकरली की पुन्हा हवेत जातो. वहिनीने हे मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगेन. वर्षातून एकदा दोघं नळी ठोकायची आणि कार्बनने झालेला काळा थर किती खाली उतरला ते बघायची. दाराच्या चौकटीवर पोराची उंची मोजावी तसं. खऱ्या पोराची मोजायची मात्र राहून जायची, असा टोमणा मी मारून घ्यायचे.

मग वहिनी गेली. दादा भिंतीकडे बघत बसायचा, म्हणून मी त्याला थोडे दिवस माझ्याकडे आणलं. लांब नोकरीला असलेला त्यांचा मुलगा, माझा भाचा, आवराआवरीसाठी त्यांच्या घरी थांबला.

आम्ही परत गेलो, तर भाच्याने दादाचा हात धरून त्याला मागे नेलं. अख्खा तुकडा ट्रॅक्टरने नांगरलेला. वर रोपांच्या ओळी.

"आईच्या आठवणीसाठी, बाबा," तो म्हणाला. "ती सारखी कार्बनचं बोलायची ना? झाडं तो शोषून घेतात. तिचं काम चालू राहील." खड्डे त्याने स्वतः खणले होते. तळहातांवर फोड आले होते.

उलटी पडलेली ढेकळं, त्यांतून लोंबणारी पांढरी मुळं उन्हात सुकत होती. दादाने वाकून एक ढेकूळ उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"छान केलंस, बाळा," तो म्हणाला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

भाचा दुसऱ्या दिवशी नोकरीवर गेला. दादा त्या ढेकळांत गुडघे टेकून बसला आणि गवताचे गड्डे सुलटे करून जागच्या जागी दाबू लागला.

"अरे, झाडंही भरतील की कार्बन," मी म्हटलं.

"भरतील गं. पण तिने भरलेला हवेत चाललाय." त्याने आणखी एक गड्डा दाबला. "तिचं एवढंच तर उरलं होतं माझ्याकडे."

मला रडू आवरेना, आणि त्याहून जास्त संताप आला. एवढी वर्षं आईबाप घसा कोरडा करून सांगत होते आणि या दिवट्याला एवढं कळू नये? मी फोन उचलला. म्हटलं, आज याची अशी खरडपट्टी काढते की बस.

दादाने मातीने भरलेल्या हाताने फोन काढून घेतला.

"त्याला कधीच सांगायचं नाही," तो म्हणाला. "त्याचीही आई गेलीय."

मग तो उठला, बादली भरून आणली आणि रोपांना पाणी घालायला लागला.