चढापुरता जोर

पंक्चर काढून घ्यायला मी साताऱ्यातल्या एका सायकलच्या दुकानात बसलो होतो. शेजारी साठीपुढचं एक जोडपं विजेवर चालणारी सायकल निवडत होतं. काकूंच्या गुडघ्यांनी घाट चढणं कधीच सोडून दिलं होतं, आणि दोघांना पुन्हा एकदा सायकलवरून कोकणात जाऊन यायचं होतं.

दुकानदारानं चढाला चांगला जोर देणारी एक सायकल पुढे काढली. काकांनी तिचं हँडल उंच करून घेतलं, रुंद सीट बसवून घेतली, मागच्या कॅरिअरवर जादा बॅटरी मावेल का तेही पाहिलं. काकू मात्र लांबच उभ्या होत्या.

"मोटर लावून घाट चढायचा म्हणजे फसवणूकच ना?"

"पायडल तुम्हीच मारायचं, काकू. तुम्ही थांबलात की मोटरही थांबते," दुकानदार म्हणाला.

मदत अशी असेल तर घ्यायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. आपल्या जोरात ती स्वतःचा जोर गुपचूप मिसळते, आणि चढ आपलाच राहतो. तरीही ती घेताना आपण किती अवघडतो!

शेवटी काकू सायकलवर बसल्या आणि चालवून बघायला समोरच्या चढाला लागल्या. आधी जरा डुगडुगल्या, मग सावरल्या आणि बघता बघता वळणाआड गेल्या.

"काका, तुमच्या जुन्या सायकललाही मोटर बसवू का?" दुकानदारानं विचारलं.

"नको," वळणाकडे बघत काका म्हणाले. "आजवर प्रत्येक घाटमाथ्यावर मी तिची वाट बघत बसलोय. आता बसू दे तिला माझी वाट बघत."