आडनावाचा रकाना मी काढून टाकला

मंडळी, जव्हार-मोखाडा रोज ये-जा करणाऱ्यांसाठी मी एकत्र प्रवासाचं अ‍ॅप बनवतेय. सध्या चाचणी सुरू आहे. आज गाडीवाल्यांची आणि प्रवाशांची बैठक होती.

एक गाडीवाले सर म्हणाले, "सीट देण्याआधी आता दिसतं तसं आडनाव पुढेही दिसलंच पाहिजे. कोण बसतंय ते कळायला नको?"

दाभोशाची नर्स सुनीता उठली. "सर, काल माझं आडनाव बघून तुम्हीच सीट रद्द केली ना? मी रस्त्यावर उभी, न् तुमची गाडी रिकामीच गेली."

मी तिथेच लॅपटॉप उघडून तो रकाना काढला. ओळखपत्रं मी तपासेन, गाडीवाल्याला फक्त पहिलं नाव दिसेल.

"मग आमची गाडी विसरा," म्हणत सर निघून गेले. मी विसरलेसुद्धा!

तुम्ही शेजारी कुणाला बसवायचं ते आडनावावरून ठरवता? खरं सांगा.