राक्षसाच्या दाराशी पाणी

सुट्टीत नात आली होती, लखनौहून. बारा वर्षांची पोर. मराठी कळतं सगळं, पण उत्तर हिंदीतच. माझ्यानंतर या घरात मराठी कोण बोलणार, हा मला घोर. म्हणून तिच्याशी ठरवून टाकलं: तुझा तो टॅबलेटवरचा खेळ मीही खेळते, पण खेळताना बोलायचं मराठीत.

आणि खेळ तरी कसला, देवा! एका राक्षसाचं तळघर. शूर माणसं त्याला मारायला येणार आणि आपण राक्षसाला वाचवायचं. सापळे लावा, भुतं उभी करा. "अगं, आपण या मेल्याच्या बाजूनं का?" तर म्हणे, "आजी, गेमच असा आहे ना!" बरं बाई, निदान मराठी तरी निघालं तोंडातून. मी बोट टेकावं एकीकडे आणि भूत उभं राहावं भलतीकडेच. नुसता वैताग.

शेवटच्या टप्प्यावर ती आठवडाभर अडली होती. मला एकच काम दिलं, झरा लावायचं. त्याचं पाणी प्यायलं की दमलेल्याला, मग तो आपला असो की शत्रू, पुन्हा जोर येतो. मी लावला अगदी दाराशी.

आता दाराशीच लावणार ना! काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर, महाराष्ट्रातले यात्रेकरू आमच्याकडेच उतरायचे. घाटाच्या पायऱ्या चढून धापा टाकत यायचे बिचारे. सासूबाईंची शिस्त अशी, की आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला, आणि मग गाव कुठलं ते विचारायचं. दारात बादली-तांब्या नसला तर माझी खैर नसे. चाळीस वर्षांचं वळण, बोटाला दुसरं काय सुचणार?

ते वीर आले, दारातच घटाघटा पाणी प्यायले, आणि सापळे तुडवत थेट आत. राक्षस आडवा!

"आजी! ये क्या कर दिया? दुश्मन को पानी कौन पिलाता है?"

"मराठीत बोल," मी म्हटलं. तेव्हा तरी गप्प बसायला हवं होतं मी.

पोरीचे डोळे भरले. "नहीं खेलना मुझे आपके साथ." झालं! दोन दिवस मराठी नाही नि हिंदीही नाही. मी आपली चिडत होते, खेळावर, स्वतःवर, सासूबाईंवरसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पोह्यांची बशी घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले. "या वेळी झरा आत लावते हं."

तिनं मान वर केली नाही. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तू हात लावू नको. फक्त बस इथे."

बसले. तिनं झरा पार आत, राक्षसाच्या पाठीमागे लावला. वीर आले, सापळ्यांत सापडले. एक तेवढा वाचला, लंगडत लंगडत येत होता. मला काही राहवेना.

"अगं, त्याला घोटभर तरी..."

"आजी, तू चूप बस ना!"

बसले चूप.