काष्टीच्या यात्रेचं पत्रक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. काष्टीच्या यात्रेचं ते पत्रक रंगनाथने छापलं नव्हतं. ते मी छापून घेतलं होतं. त्यावर ज्यांचं नाव होतं ते भाऊसाहेब गेल्या महिन्यात श्रीरामपूरला वारले. तार आली तेव्हा मी ऑफिसात एका ताळेबंदावर सही करत होतो. सही पुरी केली आणि मग तार पुन्हा वाचली... ती सही करण्याचा अधिकार मला भाऊसाहेबांमुळे मिळाला, आणि त्यांचा तोच अधिकार माझ्यामुळे गेला.

स्वातंत्र्य आलं त्या सुमाराची गोष्ट. काष्टीच्या शेतकरी घरातला हा माणूस शिकून रजिस्टर्ड अकाउंटंट झाला आणि नगरला एका गिरणीच्या माडीवर ऑफिस थाटून बसला. मी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करत होतो. मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे ठरलेली वर्षं काढायची, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घ्यायचा, परीक्षा द्यायची, मग सरकारी रजिस्टरात नाव चढायचं. चढलेलं नाव टिकवणं आणखी अवघड. सगळ्यात कडक नियम जाहिरातीचा. दारावर नाव आणि पदवी, बस्स. कामासाठी कुणापुढे तोंड उघडायचं नाही, कुणाकडून वदवूनही घ्यायचं नाही. भाऊसाहेब म्हणायचे, "आपल्याकडे लोकांनी यायचं असतं." लोक मात्र येत नव्हते. खाली गिरणी धडधडायची आणि वर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. त्यांनी ऑफिस बंद केलं तर माझी उमेदवारी अर्धवट राहणार, ही धास्ती मला रात्रंदिवस होती. पत्रक मी त्यांच्या प्रेमापोटी काढलं असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. प्रेम होतं, पण त्याहून जास्त ही धास्ती होती.

काष्टीची यात्रा जवळ आली, तेव्हा कुस्त्यांची पत्रकं नगरच्याच छापखान्यात होती. खाली कोपऱ्यात जागा रिकामी दिसली. मी भाऊसाहेबांचं नाव घालून मजकूर लिहून दिला : 'काष्टीचे सुपुत्र, सरकारमान्य हिशेब तपासनीस. व्यापारी बंधूंनी खात्रीने भेटावे.' खाली ऑफिसचा पत्ता. त्यांना चकित करायचं म्हणून बोललो नाही. गावात सगळे खूश झाले. पण कुणीतरी ते पत्रक पाकिटात घालून सरकारकडे धाडलं, आणि आपलं नाव रजिस्टरातून का काढू नये, असं विचारणारं सरकारी पत्र आलं.

संशय रंगनाथवर जाणं साहजिक होतं. तो वहिनींचा, म्हणजे भाऊसाहेबांच्या बायकोचा, धाकटा भाऊ, काष्टीतच राहणारा, दाजींचं कौतुक बाजारभर सांगत फिरणारा. त्याला माडीवरच, ऑफिसमागच्या बिऱ्हाडात बोलावून घेतलं. मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो.

"दाजी, लेकरांची शप्पथ, म्या न्हाई केलं," तो म्हणाला. "केलं आस्तं तर म्याच ते पत्रक घिऊन गावात नाचलो आस्तो. लपवीन कशाला?"

"नाचतूसच की!" वहिनी आतून कडाडल्या. "दाजी आसं नि दाजी तसं... तुझ्याबिगर हाय कोन दुसरं? माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय दिलास, रंग्या. ह्या घरात पुन्यांदा यिऊ नको."

तो चहा न घेताच गेला. जाताना दारात माझ्या खांद्याला त्याचा खांदा घासला. त्या क्षणी बोललो असतो तर... पण बोललो नाही. बोललो असतो तर दाखला गेला असता, म्हणजे सगळंच गेलं असतं.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी विचारलं, "तुला काही ठाऊक आहे का रे?"

"नाही."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि उत्तर लिहायला बसले. 'माझ्या नावाने निघालं, तेव्हा जबाबदारी माझी,' एवढंच त्यांनी लिहिलं. रंगनाथचं नावही घेतलं नाही.

मग पोस्टमनची वाट पाहणं सुरू झालं. सायकलची घंटा वाजली की मी हातातलं काम टाकून जिन्याकडे धावायचो. माझी मुदत भरत आली होती. ज्या दिवशी भरली त्या दिवशी सकाळीच भाऊसाहेबांनी मला बोलावलं आणि दाखल्यावर सही केली. 'वर्तणूक उत्तम.' म्हणाले, "लवकर पाठव. उद्या माझ्या सहीला किंमत राहील की नाही, सांगता येत नाही." ती राहिली नाही. लवकरच निकाल आला आणि त्यांचं नाव रजिस्टरातून निघालं. पुढे नवा कायदा झाला, जुन्या रजिस्टरातली नावं नव्यात गेली. त्यात माझं होतं, त्यांचं नव्हतं. पुन्हा अर्ज करा म्हणून लोकांनी सुचवलं, तर म्हणाले, "आता कुठं?" श्रीरामपूरकडे एका साखर कारखान्यात त्यांनी हिशेबनिसाची नोकरी धरली आणि दुसऱ्यांनी सही करायचे ताळेबंद आयुष्यभर तयार केले.

गेल्या दिवाळीनंतर भेटायला गेलो होतो. खूप थकले होते. निघताना त्यांनी हात धरून ठेवला. "रंगनाथकडे जातोस का कधी?" मी नकारार्थी मान हलवली. "कुणीतरी जायला पाहिजे रे," म्हणाले... त्यांना माहीत होतं का? मला वाटतं, त्या संध्याकाळपासूनच माहीत होतं.

तेराव्याला रंगनाथ आला होता. केस पांढरे झालेले. मांडवाबाहेर हात जोडून उभा राहिला. वहिनींनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. पंगत बसायच्या आत तो निघून गेला. मी आत पत्रावळी मांडत होतो. तेव्हाही बोललो नाही.

वहिनींना वाचता येत नाही. त्यामुळे हे छापून आलं तरी माझी सुटका होत नाही. मला श्रीरामपूरला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे तोंडाने सांगायचं आहे. मग काष्टीला जाऊन रंगनाथला सांगायचं आहे. अजून दोन्हीकडे गेलेलो नाही.